बायडाबाईंच्या गाण्याची दुसरी लिंक

१

गुरुवारी सकाळी सव्वादहाला अक्षताने तीन नंबरच्या मशीनवर ते पान उघडलं आणि बसल्या जागेवरून मला हाक मारली. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. हातातली झेरॉक्स तशीच सोडून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. ज्याने ही फाईल चढवली त्यानेच ती काढून टाकली आहे, एवढाच तिचा अर्थ.

आता चढवणारी कोण, तर मी. मार्च २००७ मध्ये, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या याच कॅफेत, मी स्वतः ती फाईल एका परदेशी साइटवर चढवली होती. आणि मी काही ती काढलेली नव्हती.

फाईल म्हणजे एक गाणं होतं. अक्षताची आजी बायडाबाई हिने शाहूवाडीच्या बाजूला भाताची रोपं लावता लावता ते स्वतः रचलेलं. अठ्ठ्याण्णव साली गावच्या मास्तरांनी ते कॅसेटवर भरून घेतलं. सुरुवातीला बायडाबाई म्हणते, ‘जयभीम, मी बायडाबाई बोलतोय,’ आणि मग लगेच गळा मोकळा करते:

*रोप लावता लावता माझी वाकली कंबर,*
*लेक शाळंला निघाली तिचा पयला नंबर.*

यंदाच्या ऑगस्टमध्ये सीडी-कॅसेटचं दुकान चालवणाऱ्या हंबीररावांनी हेच गाणं एका गायिकेकडून गाऊन घेऊन सीडी बाजारात आणली. कव्हरवर ठळक छापलं, ‘गीत: हंबीरराव’. आणि येत्या रविवारी इथलं एक लोकसंगीत मंडळ त्यांना याच गाण्यासाठी गीतकार म्हणून मानाचा फेटा बांधणार होतं. अक्षताने तक्रार केली तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, शनिवारी दुपारी बाराच्या आत पुरावा आणा, नाहीतर पत्रिकेत छापलंय तेच खरं.

पुरावा पक्का होता. रेकॉर्डिंगमध्ये गाणं चालू असतानाच अक्षताचे आजोबा गवत घेऊन बाहेरून येतात आणि विचारतात, ‘बायडे, पेंडी कुठं टाकू?’ आजोबा नव्व्याण्णव साली वारले. ज्या गाण्यात ते बोलतात ते गाणं हंबीररावांनी २००७ मध्ये कसं लिहिलं, हा प्रश्न मंडळाला टाळता आला नसता.

पण कॅसेट मे महिन्यात टेपने खाल्ली होती. माझ्या मशीनवरची प्रत जुलैत व्हायरस शिरला तेव्हा फॉरमॅटमध्ये गेली. उरली होती ती नेटवरची, आणि तीही आता नव्हती.

त्या साइटची रीत अशी होती की फाईल चढवली की ती दोन लिंका द्यायची. पहिली लोकांना वाटायची. ती ज्याच्याकडे असेल त्याला गाणं मिळतं. दुसरी आपल्यापाशी जपून ठेवायची, कारण तिच्यावरून फाईलचा सगळा कारभार चालतो आणि फाईल पुसताही येते. तिला ना पासवर्ड ना काही. दुसरी लिंक ज्याच्या हातात, तो मालक. मी दोन्ही लिंका एका कागदावर लिहून अक्षताला दिल्या आणि एक नक्कल माझ्या रजिस्टरमध्ये ठेवली. रजिस्टर कुलपात असतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

अक्षता एम.ए.ला होती, डोक्याने तल्लख. तिने तेवढ्यात हिशेब केला.

‘दुसरी लिंक आपल्या दोघींकडंच हाय न्हवं, वहिनी?’

‘व्हय.’

‘मी काय काढली न्हाय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘हंबीररावांची पत्रं तुमीच टाईप करता न्हवं?’

२

मला राग आला. सहा वर्षं ज्या पोरीला परीक्षेच्या दिवसांत फुकट मशीन दिलं, तिने मला चोर ठरवावं? पण राग गिळला, कारण तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

माझा एक गुण आहे, त्याला अवगुणही म्हणा. कॅफे काढायच्या आधी दहा वर्षं मी इथंच एसटीडी बूथ चालवला. काचेच्या खोक्यात माणूस बोलायचा आणि बाहेर स्टुलावर बसून मी ऐकायचे. ऐकायचं नाही असं ठरवून काही कान बंद होत नाहीत. दहा वर्षांत एवढं शिकले की माणूस खोटं बोलताना अर्थ सांभाळतो, पण शब्द त्याच्या हातून सुटतात. म्हणून मी अक्षताला सांगितलं, ‘शनिवार बारापर्यंत मला दे. ज्यानं काढलीय त्याला मी बोलता करतो.’

पहिले हंबीरराव. मिरजकर तिकटीजवळ त्यांचं सीडी-कॅसेटचं दुकान. पंचावन्न वय, कडक इस्त्री, बोटांत तीन अंगठ्या. मी पायरी चढले तसे म्हणाले, ‘या वहिनी. पत्र टाईप झालं व्हय?’

‘पत्राचं न्हाय. फाईलीचं इचाराय आलोय. बायडाबाईंची.’

‘कसली फाईल? कोर्टाची?’

‘नेटवरची. कुणीतरी पुसलीय.’

ते खरंच गोंधळले. मग हसले. ‘त्या डब्यातलं मला काय कळतंय? माऊस धरला की माझा बाण पडद्याभायेर जातोय. तुमीच बघितलंय की.’

ते मी बघितलं होतं. एक ओळ टाईप करायलाही त्यांना मी लागायचे.

‘गाणं कुणाचं हाय, हंबीरराव?’

‘चाल आमच्या पेटीवाल्या आकारामनं आणली, शबुद मी बसवलं. रानातली गाणी वहिनी, ती कुणाची नसत्यात. जो उचलतो त्येची.’ असं म्हणून त्यांनी गल्ल्यावरची निमंत्रणपत्रिका माझ्यापुढे सरकवली. ‘रेकॉर्डिंग असंल तर दावा मंडळाला. नसंल तर रविवारी या, जेवण हाय.’

मी पत्रिका घेतली. त्यांच्या नावापुढे ‘शेतकरी स्त्रीच्या वेदनेला शब्द देणारे’ असं छापलं होतं. त्या शेतकरी स्त्रीचं नाव पत्रिकेत कुठेच नव्हतं.

निघताना ते मागून म्हणाले, ‘आकारामकडं जाणार असशीला. जावा. पर त्यो काय बोलणार न्हाय.’

३

आकाराम बोलला. हंबीररावांना माणसांची पारख कमी, एवढाच त्याचा अर्थ.

तो पेटीवाला. भजनांना वाजवतो, पेट्या दुरुस्तही करतो. मी गेले तेव्हा एक पेटी उघडून तिचे सूर घासत बसला होता. हंबीररावांच्या सीडीत पेटी त्याचीच आहे. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, ‘बायडाबाईंचं गाणं तुमाला कुठं घावलं?’

‘अक्षताकडनं.’ मान वर न करता तो म्हणाला. ‘एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात तिनं म्हटलंतं. म्हटलं, आजीचंच ऐकू दे की मला. तिनं लिंक दिली.’

‘कुठं उघडली?’

‘स्टँडाजवळच्या कॅफेत. पान उघडलं तर आकडं उलटं मोजाय लागलं. साठ, एकूणसाठ, अठ्ठावन… मला वाटलं मशीन बिघडलं. भायेर जाऊन च्या पिऊन आलो, तवा कुठं गाणं उतरलं. मोबाईलात भरून घेतलं.’

मी पुढे सरकले. ‘मोबाईलात हाय?’

‘व्हतं.’ त्याने कानस खाली ठेवली. ‘हंबीररावांना चाल ऐकवली. त्यांनी दोनदा ऐकली, शबुद कागदावर उतरून घेतलं आणि म्हणालं, आता उडव ते. उडवलं.’

‘आणि कव्हरवर त्यांचं नाव आलं तवा?’

त्याने कानस परत उचलली. मग म्हणाला, ‘त्यांच्या कार्यक्रमावर माझं घर चालतंय, वहिनी.’

‘मंडळाफुडं येवढं सांगाल?’

‘न्हाय सांगायचा.’ त्याने माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. ‘माझं चुकलंय, म्हायत हाय मला. पर फाईल म्या पुसली न्हाय. लिंक हंबीररावांनी मागितली बी न्हाय आणि म्या दिली बी न्हाय.’

भित्रा माणूस, पण भित्री माणसं बारीकसारीक खरं सांगून मोठं टाळतात. त्याचं बोलणं मी शब्दन् शब्द रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. त्याच्यावर चिडावं की त्याची कीव करावी हे मला ठरवता आलं नाही.

कॅफेत परतले तर अक्षता दारातच उभी. ज्यांना ज्यांना तिने लिंक पाठवली होती त्या सगळ्यांना फोन करून झाले होते. बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कॅफेत बसून ऐकलेलं, आणि कॅफेच्या मशीनवर काही राहत नाही हे मी वेगळं सांगायला नको.

‘एक अजून ऱ्हायलाय,’ ती म्हणाली. ‘पुण्याचा सूरजदादा. फोन उचलंना झालाय. आणि आजी उद्या सकाळच्या गाडीनं याला लागलीय. तिला काय सांगू?’

४

बायडाबाई शुक्रवारी अकराला आल्या. अठ्ठ्याहत्तर वय, पाठीत बाक, पण एसटी स्टँडवरून चालत आल्या. मी खुर्ची दिली तर म्हणाल्या, ‘चाकाची नगं, ती पळती.’ मग लाकडी स्टुलावर बसल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘माझ्याच गाण्याला मलाच साक्ष लागती व्हय?’

‘लागती, आजी.’

‘मग मी त्येंच्या म्होरं म्हणून दावतो की. सगळं पाठ हाय.’

‘ते म्हणतील, सीडी ऐकून शिकलीसा.’

इतका वेळ ताठ धरलेली त्यांची मान जरा खाली आली. मला माझ्याच तोंडाचा राग आला, पण शनिवारी तिथे कुणीतरी हेच म्हणणार होतं, आणि ते माझ्याकडून आधी ऐकलेलं बरं होतं. थोड्या वेळाने त्या पुटपुटल्या, ‘लेक शिकली त्येचं गाणं हाय ते. ती बी गेली. त्या पोरांची आई.’

सूरज म्हणजे अक्षताचा थोरला भाऊ. दोघांची आई ही बायडाबाईंची मुलगी, गाण्यातली पहिला नंबरवाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मला हे आतापर्यंत माहीत नव्हतं. रविवारी काय हिरावलं जाणार आहे ते मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, सूरजने फोन उचलला. पुण्याच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरवर नोकरी करायचा. मी कॅफेच्या फोनचा स्पीकर लावला, बायडाबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, ‘सूरज, आजीच्या गाण्याची फाईल तुझ्याकडं हाय का?’

‘नाही वहिनी. माझं मशीन बदललं.’

‘इथनं कुणीतरी ती पुसलीय. उद्या बाराला मंडळाफुडं लागणार हाय.’

मग तो म्हणाला, ‘सोडून द्या ना आता. सतरा जणांनी घेतलेलं गाणं आहे ते. एवढ्यासाठी म्हातारीला एसटीत बसवून कशाला आणलंत? तिला घरी पाठवा. मला मीटिंग आहे.’

फोन बंद झाला. अक्षताचे डोळे भरले होते.

‘दादा असा कधीपास्नं बोलाय लागला?’ ती म्हणाली. ‘आहे आणि नाही? आमच्या घरात कोण बोलतंय असं? आणि आई गेल्यावर दर रविवारी फोनवर आजीला ते गाणं म्हणाय लावायचा तो.’

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. त्याच्या बोलण्यातला एक शब्द कानात अडकला होता आणि तो का अडकला ते मला उमजत नव्हतं.

५

मी शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकांना तासाभराने या म्हटलं आणि एक मशीन घेऊन बसले. त्याच साइटवर एक रद्दी फाईल चढवली. साइटने दोन लिंका दिल्या.

पहिली उघडली. पानावर आकडे उलटे मोजू लागले. साठ, एकूणसाठ, अठ्ठावन्न. आकडे संपल्यावर फाईल उतरवायचं बटण आलं. याशिवाय पानावर काही नव्हतं.

मग दुसरी उघडली. इथे उलटी मोजणी नव्हती. फाईल कधी चढवली त्याची तारीख होती, ती उतरवून घ्यायचं बटण होतं, कायमची पुसायचं बटण होतं, आणि त्यांच्यावर एक ओळ होती: ही फाईल आतापर्यंत शून्य जणांनी उतरवून घेतली.

मी अक्षताला हाक मारली. ‘बायडाबाईंचं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंतं?’

‘मला काय म्हायत? वीसेक जणांना लिंक पाठवल्ती. त्यातलं किती जणांनी उघडली देव जाणं.’

‘मला बी म्हायत न्हाय. मार्चपास्नं मी दुसरी लिंक उघडलीच न्हाय. मग सूरजला कसं कळलं सतरा?’

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मी तिला एकेक करून मांडून दाखवलं. आकारामच्या पानावर उलटे आकडे होते, म्हणजे त्याच्याकडे पहिली लिंक. तिच्यावरून पुसता येत नाही. हंबीररावांकडे कुठलीच लिंक नव्हती आणि असती तरी माऊस धरता येत नाही. राहिला एकच माणूस, ज्याला आकडा माहीत होता. तो आकडा जगात एकाच पानावर दिसतो, आणि ते पान दुसऱ्या लिंकने उघडतं.

‘पर दादाकडं दुसरी कशी जाईल?’ अक्षता म्हणाली. ‘मी तर तुमी लिवून दिल्तासा तसंच केलंय.’

‘कागद दाव.’

तिने पर्समधून घडी काढली. माझंच अक्षर. पहिल्या लिंकपुढे मी लिहिलं होतं, ‘द्यायची’. दुसरीपुढे, ‘काढायची’.

‘ज्यांना ऐकायचंतं त्यांना द्यायची दिली,’ अक्षता म्हणाली. ‘दादाचा फोन आला की मला गाणं काढून घ्यायचंय, कायमचं जवळ ठेवाय. मग त्याला काढायची पाठवली.’

मी डोक्याला हात लावला. आपण धार काढतो, फोटो काढतो, झेरॉक्स काढतो, दुकान काढतो, आणि कामावरून माणूसही काढतो. मला म्हणायचं होतं, हिच्यावरून फाईल काढून टाकतात. तिने वाचलं, हिच्यावरून काढून घेतात. दोघीही अस्सल कोल्हापूरच्या, दोघींनाही दुसरा अर्थ सुचलाच नाही. ज्या लिंकपुढे ‘मेलीस तरी कुणाला देऊ नको’ असं लिहायला हवं होतं, तिच्यापुढे मी एका शब्दात काम उरकलं होतं. चोर मी नव्हते, पण दार उघडं ठेवणारी मीच होते.

‘म्हंजे दादानं चुकून बटण दाबलं?’ अक्षताने आशेने विचारलं.

‘चुकून दाबलं असतं तर चुकलं म्हणाला असता. तो खोटं बोलला.’

६

संध्याकाळी साडेपाचला मी त्याला परत फोन लावला. या वेळी स्पीकर बंद ठेवला.

‘सूरज, सतरा हा आकडा मालकाच्या पानावरच दिसतोय. आत्ताच बघितलं मी. कुणाला सांगितलेलं न्हाय, अक्षता सोडून. का पुसलीस येवढंच सांग.’

बूथवर शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. मी गप्प बसले. त्याच्या मागे रस्त्याचा आवाज येत होता.

‘खोली गेली माझी,’ तो म्हणाला. त्याचं ‘आहे-नाही’ कुठल्या कुठे गेलं होतं. ‘हापिसातल्या एका पोराच्या घरीच वर ऱ्हायलो हुतो, भाड्यानं. माझं आडनाव वाघवेकर, गावावरनं पडलेलं. त्यावरनं काय कळत न्हाय. मी सांगितलं न्हाय, त्यांनी इचारलं न्हाय. त्येची आई डबा द्यायची, दादा म्हणायची. आणि सप्टेंबरात येकदा हापिसात त्येनं माझ्या मशीनीवर ते गाणं लावलं. आजी पयल्यांदा काय बोलती म्हायत हाय न्हवं तुमाला?’

‘म्हायत हाय.’

‘तो काय बोलला न्हाय. हसला बी न्हाय. आठ दिवसांनी त्येची आई म्हणाली, खोली लागणार हाय, पावणं येणार हायत. पावणं कोण आलं न्हायत. म्या जाऊन बघून आलो दोनदा, खोली मोकळीच हुती.’

त्या बाईचा मला असा संताप आला की ती समोर असती तर मी तिला सोडलं नसतं.

‘दुसरी खोली घावली. मग भ्या वाटाय लागलं, ते गाणं अजून कोण लावंल. पुसून टाकलं. तवा हंबीररावांचं मला काय म्हायत नव्हतं, आईची शपथ. ते अक्षताच्या मेलमधनं कळलं, पुसल्यावर. मग कुठल्या तोंडानं सांगू?’

‘म्हंजे गेलं ते. कायमचं.’

‘न्हाय,’ तो म्हणाला. ‘आदी काढून घेतलं, मग काढून टाकलं. हाय माझ्याकडं. पुसाय झालं न्हाय माझ्यानं. मेलनं पाठवतो वहिनी, आत्ताच पाठवतो. फकस्त आजीला सांगू नगा.’

इथे मी ‘हो’ म्हणून मोकळी होऊ शकले असते. पुरावा मिळत होता, माझं काम होत होतं. पण काचेपलीकडे बाकावर बायडाबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. आता का लपवू?

‘मेल पाठव,’ मी म्हणाले. ‘पर आजीला मी खोटं सांगणार न्हाय. खरं तू सांगायचंस का मी, येवढं ठरीव. उद्या सकाळी धापर्यंत वाट बघतो.’

त्याने फोन ठेवला. मेल रात्री आठपर्यंत आली नाही. अक्षता दर पाच मिनिटांनी पान नव्याने उघडत होती, आणि मी त्याला जास्त टोचून बोलले की काय, या विचाराने जेवले नाही.

७

मेल आलीच नाही. शनिवारी सकाळी पावणेदहाला सूरज स्वतः आला. पहाटेच्या गाडीने आलेला, डोळे सुजलेले, खिशात सीडी.

बायडाबाई स्टुलावर होत्या. तो त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि सगळं सांगितलं. मी आणि अक्षता पाठ करून उभ्या राहिलो, पण एवढ्याशा जागेत पाठ केली म्हणून काय ऐकू येत नाही? बायडाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘त्या बाईच्या हातचा डबा चांगला असायचा व्हय?’

‘व्हय.’

‘मग घरचं जेवण बी गेलं तुझं.’ त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘चल. कुठं जायाचं ते जाऊया.’

मंडळाच्या कचेरीत सेक्रेटरी, दोन सभासद आणि हंबीरराव बसले होते. सीडी लावली. बायडाबाईंचा नऊ वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत घुमला, आजच्यापेक्षा भरदार. तिसऱ्या कडव्यानंतर आजोबा आले आणि पेंडी कुठं टाकू म्हणाले.

‘हा आवाज कोणाचा?’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘माझ्या आज्जाचा,’ सूरज उभा राहून म्हणाला. ‘नव्व्याण्णवला वारलं. दाखला आणलाय. आणि हे गाणं माझ्या आजीचं. मी सूरज वाघवेकर, बायडाबाईंच्या लेकीचा लेक.’

शेवटचं कडवं हंबीररावांच्या सीडीत नव्हतं. का नव्हतं ते आता सगळ्यांना ऐकू आलं:

*चिखलात पाय माझं, बायडा उभी ऱ्हायली,*
*अडाणी आईनं आज लेकीची सही पायली.*

हंबीररावांनी बोटातल्या अंगठ्या फिरवल्या. ‘चाल आकारामनं दिल्ती,’ ते म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सेक्रेटरींनी पत्रिका पुढे ओढली, त्यांचं नाव खोडलं आणि बायडाबाईंना पूर्ण नाव विचारलं. बायडाबाईंनी ते एकेक अक्षर सावकाश सांगितलं आणि नीट लिहिलंय का ते अक्षताला बघायला लावलं.

दुपारी सगळे परत कॅफेत आलो. आता उशीर करायचा नव्हता. मी फाईल तीन सीड्यांवर उतरवली आणि मग साइटवर चढवली. दोन लिंका आल्या. पहिली अक्षताने तिथल्या तिथे वीस जणांना पाठवून दिली.

दुसरीसाठी मी कोरा कागद घेतला. या वेळी शब्दांत कंजुषी केली नाही. लिहिलं, ‘हिच्यावरून गाणं कायमचं पुसलं जातं. ही कुणालाही द्यायची नाही.’ आणि बायडाबाईंना समजावून सांगितलं की ही ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचं गाणं. कुलपात ठेवू का?

सूरज दाराकडे बघत उभा होता.

‘तुज्या कुलपात नगं,’ बायडाबाई म्हणाल्या. ‘त्येच्याकडं दे.’

‘आजी, मलाच?’ तो म्हणाला. ‘म्याच तर पुसलंतं.’

‘म्हणूनच. बाकी कुणाला ते पुसल्याव कसं वाटतंय म्हायत न्हाय.’

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मग पुण्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून बायडाबाईंनीच त्याला उठून दारापर्यंत नेलं.